बिनआभाराचं पत्र

शिमग्याच्या आसपास उन्हाचा चटका वाढतो, आमच्या राहुरीच्या ख्रिस्ती मंडळीत पुनरुत्थानाच्या सणाआधीचे लेंतचे उपवास सुरू होतात, आणि माझं डोकं फिरायला लागतं. घरचे म्हणतात, आईला ऊन बाधतं. ऊन कसलं बाधतंय! बहात्तर-त्र्याहत्तरच्या दुष्काळाचं ऊन ज्यांनी डोक्यावर घेतलं, त्यांना हे पंख्याखालचं ऊन काय करणार? मला बाधते ती या दिवसांतली गोडगोड भाषा. चाळीस दिवस सगळे एकमेकांशी इतक्या हळू आवाजात बोलतात, की घरात कुणी अंथरुणाला खिळलंय की काय असं वाटावं.

यंदा आमच्या नव्या पाळकांनी दर बुधवारी संध्याकाळी अभ्यासवर्ग काढला. पोरगा चांगला आहे, शिकलेला आहे, चष्मा लावतो. विषय काय, तर पहिल्या काळातल्या मंडळ्यांना प्रेषितानं लिहिलेली पत्रं. झेरॉक्सचे कागद वाटले आणि म्हणाला, "त्या काळी पत्र लिहायची एक ठरलेली रीत होती. आधी लिहिणाऱ्याचं नाव, मग ज्याला लिहायचं त्याचं, मग सलाम, मग आभार, आणि मग मजकूर. प्रेषितानं मंडळ्यांना लिहिताना ही रीत पाळली. एका पत्रात मात्र त्यानं आभार गाळले आणि सलाम झाल्या झाल्या झाडायलाच सुरुवात केली. याचा अर्थ काय असेल?"

मग मीच म्हटलं, "अर्थ काय असणार? राग आला होता त्याला."

"हो आजी, पण आपण त्या रागामागची नम्रता शोधू या."

"तुम्ही शोधा," मी म्हटलं. "सापडली तर मला सांगा."

सुनेनं मला कोपरानं ढोसलं. घरी येताना म्हणाली, आई, चारचौघांत असं तोडून बोलतात का? तिला काय सांगू? तो पोरगा जे कॉलेजात चार वर्षं घालून शिकला, ते मला एका बाईनं खडीच्या ढिगावर बसून शिकवलं होतं, आणि त्या बाईला वाचताही येत नव्हतं.

ती बाई म्हणजे माझ्या सासूबाई, राहेलबाई. मी त्यांना आत्याबाई म्हणायचे. त्यांचे वडील उपदेशक होते. नेवाशाच्या बाजूला गावोगाव पायी फिरायचे आणि प्रत्येक वस्तीवर प्रेषिताची पत्रं मोठ्यानं वाचून दाखवायचे. लहानगी राहेल त्यांच्याबरोबर असायची, कारण घरी सांभाळायला आई नव्हती. तीच ती पत्रं वीस वस्त्यांवर वीस वेळा ऐकून तिला पाठ झाली. शास्त्रात त्या पत्रांना काय नावं आहेत याच्याशी आत्याबाईंना देणंघेणं नव्हतं. त्यांनी आपली नावं ठेवली होती: कैदेतलं पत्र, गुलामाचं पत्र, डोळ्यांत पाणी आणणारं पत्र. आणि बिनआभाराचं ते रागाचं पत्र. हे त्यांचं सगळ्यात लाडकं. "सगळीकडं बाबा आधी पाठीवरून हात फिरवतो," त्या म्हणायच्या, "आन् हितं डायरेक धपाटा!" असं म्हणून अशा खुदकन हसायच्या की हातातली हातोडी थांबायची.

मी मूळची नगरच्या बोर्डिंगातली. अकरावीपर्यंत शिकलेली. बोर्डिंगात आम्हाला पत्र लिहायला घोटून घोटून शिकवलं होतं. मायना असा, समास एवढा, उपकारांचं स्मरण आधी, विनंती शेवटी, आणि तक्रार शक्यतो नाहीच. माझ्या अक्षराला बक्षीस मिळालं होतं. लग्न होऊन सोनईजवळच्या त्या गावात आले, आणि वर्षभरात पाऊस गेला. मोत्यासारखं अक्षर घेऊन मी दगड फोडायला बसले.

तो उन्हाळा डोळ्यांसमोर आला की आधी पांढरा रंग दिसतो. आभाळ पांढरं, माती पांढरी, बायकांच्या भुवया आणि पापण्यासुद्धा धुळीनं पांढऱ्या. विहिरींत उतरलं तरी बादलीभर पाणी मिळेना. घोडेगावच्या बाजारात लोक बैल घेऊन जायचे, आणि संध्याकाळी तेच बैल परत घेऊन यायचे, कारण चारा कुणाकडेच नव्हता. सरकारनं दुष्काळी काम काढलं, घोडेगावकडच्या रस्त्याला खडी फोडायचं. आम्ही बोटांना सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे गुंडाळायचो, तरी बोटं फुटायचीच. दगडावर हातोडी बसली की एक जळका वास यायचा. जेवायला लाल मिलोची भाकरी. ती ज्वारी बोटीतून आलेली. तिला ना चव ना चिकटपणा, थापायला गेलं की तुकडे पडायचे. तरी खायचो, आणि खाताना नावंही ठेवायचो.

आता मुख्य गोष्ट. कामावर आठवड्याची सुट्टी असायची ती बाजाराच्या दिवशी. घोडेगावचा बाजार शुक्रवारचा, म्हणून सुट्टी शुक्रवारी. रविवार हा कामाचा वार. रविवारी घरी बसलं की त्या दिवसाची हजेरी बुडाली, आणि चार-दोन खाडे झाले की मुकादम नाव काढून दुसऱ्याला घ्यायचा. आमच्या मंडळीतल्या झाडून साऱ्या बायका कामावर होत्या. पहिले दोन रविवार आमच्या प्रार्थनेच्या देवळात म्हाताऱ्या माणसांखेरीज कुणी नाही. गावात पाळक नव्हता. दावीद मास्तर म्हणून निवृत्त शिक्षक होते, ते उपासना चालवायचे. फार भिडस्त माणूस. शेळीलासुद्धा "बाजूला व्हा" म्हणणारा.

तिसऱ्या आठवड्यात आत्याबाई त्यांच्या दारात गेल्या. म्हणाल्या, "मास्तर, आमाला रविवारी येता येत न्हाई. तवा रविवारच शुक्रवारी घ्या."

मास्तर घाबरले. "राहेलबाई, रविवार असा हलवता येतो का?"

"का न्हाई? सरकारला सुट्टी हलवता येती, आन् देवाला येत न्हाई व्हय?"

झालं! रविवार शुक्रवारी आला. सकाळी उपासना, मग बाजार. मुकादमाच्या कानावर गेलं तेव्हा तो हसत म्हणाला, "काय राहेलबाई, तुमचा देव बी आता बाजाराला यायला लागला का?" आत्याबाई दगडावरची नजर न काढता म्हणाल्या, "येतो की. उपाशी मानसं जिथं जमत्यात तिथं त्याला यावंच लागतं." त्या शुक्रवारच्या उपासना मी विसरू म्हटलं तरी विसरत नाही. अंगाला दगडाचा वास, डोळ्यांत झोप, आणि गाताना मात्र छपराचे पत्रे थरथरायचे. आम्ही काही मोडतोय असं कुणाच्या मनातही नव्हतं. उलट आठवड्यातला एकच दिवस आमचा होता, आणि तो आम्ही बाजाराच्या आधी देवाला देत होतो. हा मूर्खपणा म्हणायचा तर म्हणा. माझ्या आयुष्यात मी यापेक्षा शहाणपणाचं काही केलेलं नाही.

मग नगरहून पत्र आलं, आमच्या भागावर देखरेख करणाऱ्या मोठ्या पाळकसाहेबांचं. आमच्या मंडळीत रिवाज असा, की मंडळीच्या नावानं आलेलं पत्र सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचायचं. तसंच मंडळीकडून जाणारं पत्रही पाठवण्याआधी सगळ्यांना वाचून दाखवायचं, म्हणजे माझ्या नावानं हे कोण बोललं असं मागून कुणी म्हणायला नको. अक्षर चांगलं म्हणून वाचायचं काम माझ्याकडे.

अहाहा, काय पत्र होतं! मायन्यात आम्ही अतिप्रिय होतो. आमच्या विश्वासाबद्दल आभार, आमच्या सहनशीलतेबद्दल आभार, आमच्या कष्टांची रोजच्या प्रार्थनेत आठवण. वाचता वाचता मलाच भरून आलं. दोन बायकांनी पदर डोळ्यांना लावले. आणि शेवटच्या चार ओळींत, अगदी त्याच मऊ आवाजात, लिहिलं होतं, की ज्या भगिनी प्रभूच्या दिवशी काम करतात त्यांनी पश्चात्ताप करेपर्यंत प्रभुभोजनापासून दूर राहावं. पुनरुत्थानाच्या सणाला साहेब स्वतः येतील आणि अशा नावांची यादी सोबत आणतील. तुमचा नम्र सेवक.

प्रभुभोजन म्हणजे आमच्याकडे काय, ते बाहेरच्याला सांगायला हवं. भाकरीचा एक तुकडा आणि घोटभर द्राक्षाचा रस, एवढंच. पण सगळे एका पंक्तीला, एका ताटातून. ज्यांच्या आज्या-पणज्यांना गावच्या पंक्तीत बसायची सोय नव्हती, त्यांना ही पंक्ती म्हणजे काय असेल याचा विचार करा. आत्याबाईंनी बाराव्या वर्षी बाप्तिस्मा झाल्यापासून एकही पंक्ती चुकवली नव्हती. बाळंतपणाच्या दहाव्या दिवशी त्या पोर कडेवर घेऊन गेल्या होत्या. आणि आता त्यांना मागच्या बाकावर बसून दुसऱ्यांना खाताना बघायचं होतं.

पत्र संपताच त्या म्हणाल्या, "लई गोड लिवलंय. गोड बोलून गळा कापला." आणि माझ्याकडे वळून, "सुनबाई, कागद काढ."

देवळाच्या पायरीवर, टळटळीत दुपारी, त्यांनी सांगितलं आणि मी लिहिलं. पहिला शब्द त्यांनी सांगितला, सलाम. मी चिडून म्हटलं, "आत्याबाई, असल्या माणसाला सलाम कशाला?"

"सलाम ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या. "माझा आजा पाटलाच्या दारात उभा राहून जोहार घालायचा. पाटील कदी त्याला उलटा जोहार घालायचा का? न्हाई. सलाम तसा न्हाई. मी तुला सलाम म्हनते, तू मला सलाम म्हनतीस. साहेबाला बी तोच, मला बी तोच. त्यो मिळवाया आमच्या तीन पिढ्या गेल्या. त्यो मी रागापायी टाकीन व्हय? सलाम ठेव. आभार मातर न्हाईत. आभार मानावं असं त्यानं काय केलंय?"

या एका बोलण्यावर मी पन्नास वर्षं विचार करत आलेय. आदर वेगळा आणि मिंधेपणा वेगळा. बोर्डिंगात दोन्ही एकाच वहीत शिकवले, त्यामुळे माझ्यासारखीच्या डोक्यात ते एकमेकांत मिसळून गेले. आणि ज्या बाईनं वही पाहिली नव्हती तिला दोन्ही स्वच्छ वेगवेगळे दिसत होते.

पुढचं त्यांनी धडाधड सांगितलं. आम्ही रविवार मोडला नाही, हलवला. सरकारनं शुक्रवार सोडला, आम्ही शुक्रवार दिला. तुम्ही आमची आठवण रोज करता असं लिहिता, पण गेल्या पावसाळ्यापासून तुमचं पाऊल गावाला लागलेलं नाही. प्रेषितानं रागाच्या पत्रात लोकांना याच गोष्टीसाठी झाडलं होतं, की तुम्ही वार आणि सण धरून बसता आणि माणूस सोडता. ते पत्र तुमच्याकडे असेल, काढून बघा. आम्ही पश्चात्ताप कशाचा करायचा ते कळवा, म्हणजे करू.

आणि इथे मी घाण केली.

सांगायला लाज वाटते, पण सांगते. आमच्या ह्यांचा अर्ज साहेबांच्याच कार्यालयात पडून होता, मंडळीच्या शाळेत शिक्षकाच्या जागेसाठी. ती जागा मिळाली असती तर आमचे दगड सुटले असते. मी पत्राची पक्की प्रत करायला घरी नेली आणि सलामाच्या खाली, सुवाच्य अक्षरात, तीन ओळी घातल्या. आपल्या पितृतुल्य प्रेमाबद्दल आम्ही आपले सदैव ऋणी आहोत, वगैरे. मनाची समजूत घातली की नुसती रीत आहे, मजकूर तर तोच आहे. आत्याबाईंना वाचता येत नाही, हेही मनात होतंच. खोटं कशाला बोलू?

पण पत्र वाचून दाखवायचा रिवाज मी विसरले नव्हते. वाचताना त्या ओळी गाळायच्या असं ठरवलं होतं. शुक्रवारी उभी राहिले. सगळी मंडळी समोर. आणि सवयीनं, ज्या लयीत हात लिहून गेला होता त्याच लयीत, तोंड वाचून गेलं. "आपल्या पितृतुल्य प्रेमाबद्दल..."

आत्याबाई डोळे मिटून ऐकत होत्या. डोळे उघडले. "थांब. ह्ये कोन बोलतंय?"

मी कागद खाली केला.

"आत्याबाई, मीच घातलं. रीत म्हणून."

"कशापायी?"

काय सांगणार? सगळ्यांसमोर अर्जाचं सांगितलं. रडत सांगितलं. वाटलं, आता ही बाई मला उभी चिरणार. मास्तर मध्ये पडले, "जाऊ द्या राहेलबाई, पोरीनं संसारासाठी केलं. आणि खरं सांगू, थोडं मवाळ असलेलं बरंच."

"मास्तर, दगड फोडून हातांची ही गत झालीया. आता मवाळ कुठून आनू?" मग माझ्याकडे बघून, आवाज उतरवून, म्हणाल्या, "नवऱ्याची काळजी करतीस त्ये बराबर हाय. ती तुझ्या नावानं येगळं पत्र लिवून कर. माझ्या तोंडात तुझं भ्या घालू नगंस."

मी नव्यानं प्रत केली. खाली सगळ्या बायकांनी अंगठे उठवले. आत्याबाईंनी मात्र अंगठा दिला नाही. त्या म्हणाल्या, "त्या रागाच्या पत्रात बाबानं शेवटाला आपल्या हातानं मोठ्या अक्षरात लिवलं हुतं. मी बी लिवनार." त्यांना नाव तेवढं काढता यायचं. एकेक अक्षर चिंचोक्याएवढं. लिहिताना जीभ दातांत धरली होती. राहेल एवढंच लिहून झालं तेव्हा पान संपलं.

ह्यांना ती जागा मिळाली नाही. पत्रामुळे की आणखी कशामुळे, कोण सांगणार? हे पुढे राहुरीला विद्यापीठाच्या शेतावर मजुरीला लागले, आणि म्हणून आम्ही आज राहुरीत. आत्याबाईंना कधी बोल लावला नाही त्यांनी. एकदाच म्हणाले, "आईनं माझ्यासाठी आभार मानले असते तर मी त्या खुर्चीत सुखानं बसलो असतो का?" मी म्हटलं, बसला असता, लोक बसतात. ते हसले, आणि तो विषय तिथेच संपला.

माझ्या नातीला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, आजी, नम्रपणे लिहिलं असतं तर काम झालं असतं ना? हेच तर सगळे म्हणतात. ज्याचं पोट भरलंय तो नम्रता मागतो, आणि ज्याच्या पाठीवर पाय आहे त्याच्याकडूनच मागतो. पाय ठेवणाऱ्यानं हळू आवाजात बोललं की तो सज्जन. खालच्यानं ओरडलं की तो उद्धट. मी म्हातारी झाले, गुडघे गेले, पण हे ऐकून घ्यायची मला अजूनही सवय झालेली नाही आणि होऊही नये. त्या प्रेषितालासुद्धा लोक म्हणत असतील, जरा सबुरीनं लिही बाबा. त्यानं लिहिलं नाही. म्हणून तर दोन हजार वर्षांनी ते पत्र झेरॉक्स होऊन माझ्या हातात येतं.

पुनरुत्थानाचा सण आला, तो रविवारीच. आम्ही साऱ्यांनी कामावर खाडा केला. धुतलेली लुगडी नेसून देवळात बसलो. मोठे पाळकसाहेब एसटीनं उतरून फुफाट्यातून चालत आले होते. बूट पांढरे, चेहरा लाल. वाईट माणूस नव्हता तो. आल्या आल्या प्रत्येकीची विचारपूस केली. पत्राबद्दल अवाक्षर काढलं नाही. उपदेश केला, ताट उघडलं, आणि खिशातून यादी काढून नावं वाचली. राहेलबाईंचं पहिलं, माझं सातवं-आठवं. ज्यांची नावं वाचली त्यांनी कृपया मागे बसावं. आम्ही मागे जाऊन बसलो. आत्याबाईंनी हात मांडीवर ठेवले होते. ट्यूब काढलेली ती बोटं, त्यांच्या चिरांत गेलेली धूळ अजून मला दिसते.

पुढे उरले सहा-सात म्हातारे. साहेबांनी दावीद मास्तरांना खूण केली. मास्तर उठले. धोतराचा सोगा सावरला, नमस्काराला हात जोडले, आणि शाळा तपासणाऱ्या अधिकाऱ्यापुढे बोलावं तशा अदबीनं म्हणाले, "साहेब, क्षमा असावी. यादीत माझं नाव अनवधानानं राहून गेलेलं दिसतं. कृपा करून दुरुस्ती व्हावी."

"मास्तर, तुम्ही कुठे कामाला जाता?"

"जात नाही, साहेब. पण शुक्रवारची उपासना मी चालवली." आणि चालत मागे आले, आत्याबाईंच्या शेजारी बसले.

मग दुसरा म्हातारा उठला. मग त्याची बायको. एकेक करून सगळे मागे आले. पुढे रिकामे बाक, आणि ताटाजवळ एकटे साहेब. ते म्हणाले, "मग भोजनाला येणार तरी कोण?"

"समदी," आत्याबाई बसल्या जागेवरून म्हणाल्या. "न्हाईतर कुनीच न्हाई."

साहेबांनी ताटावर पांढरं फडकं टाकलं. प्रार्थना करून, सगळ्यांना सलाम करून, ते निघून गेले. त्यांना पाणी विचारलं, ते प्यायले. सणाच्या दिवशी आमच्या मंडळीत पंक्ती झाली नाही. आत्याबाई घरी आल्या, भिंतीला टेकून बसल्या, आणि मी त्यांना पहिल्यांदाच रडताना पाहिलं. आवाज न करता, नुसतं पाणी वाहत होतं. "बारा वर्सांची हुते तवापासून," एवढंच म्हणाल्या.

पाच दिवसांनी शुक्रवार आला. उपासना झाली, शेवटचं गीत झालं, बायका बाजाराला म्हणून उठणार, तोच मास्तर म्हणाले, "बसा." टेबलाखालून त्यांनी पितळी काढली. तीत मिलोची एक भाकरी होती, कडा तुटलेली. तांब्यात गुळाचं पाणी. मास्तरांना याचा अधिकार नव्हता. त्यांना दीक्षा नव्हती, हात ठेवून कुणी नेमलेलं नव्हतं, आणि आयुष्यभर हा माणूस एकही नेम मोडायला धजला नव्हता. भाकरी मोडली तर तिचा भुगाच झाला.

"एका पंक्तीला बसा," ते म्हणाले.

बसलो. मास्तर आधी आत्याबाईंपुढे आले. भुग्यातला त्यातल्या त्यात मोठा तुकडा त्यांनी चिमटीत धरला होता. ते तिथेच अडले. देता येईना आणि मागेही घेता येईना.

आत्याबाईंनी हात पुढे केला होता. "द्या की, मास्तर," त्या म्हणाल्या. "भूक लागलीया."